थकल्यांचा कळप

बाळाबाईच्या नवऱ्याला एकच रोग होता, आणि त्यावर जुन्नरच्या वैद्याकडंही औषध नव्हतं. त्याला सगळ्या वाडीची काळजी होती, स्वतःची सोडून. कुणाची मेंढी लंगडली, राघू तिथं. कुणाचा जावई रुसला, राघू तिथं. घरात चुलीवर काय आहे विचारायला मात्र बाबाला सवड नाही. उभा जन्म बाळाबाईनं हे सोसलं, हसून नव्हे, कुरकुरतच सोसलं, आणि आता म्हातारपणी तिच्या नाकी नऊ आले होते.

येडगावच्या वरच्या अंगाला, कुकडीच्या काठावर त्यांची धनगरांची वाडी. दिवाळी झाली की वाडीतली घरं मेंढरं हाकत नाणेघाटानं खाली कोकणात उतरायची आणि मिरगाच्या तोंडाला परत वर यायची. गेल्या साली घाट चढताना राघू वाटेतच एका दगडावर बसला. छातीचा नुसता भाता झाला होता. उठताना त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, तो वर येईपर्यंत काढला नाही, आणि वर आल्यावर चारचौघांत म्हणाला, "म्हातारीचे पाय भरले व्हते, धरून आणली." बाळाबाईनं ऐकून घेतलं. तिला एवढंच कळलं, की पुढच्या साली हा माणूस घाट उतरला तर परत वर यायचा नाही. पोटचा एकुलता पोर प्लेगात गेला होता, सून माहेरी निघून गेली होती. उरलं होतं ते हे एवढंच खोड, आणि ते तिला गमावायचं नव्हतं. काही झालं तरी ह्या साली त्याला वाडीत ठेवायचा.

तशी सोय वाडीत होती. राघूच्या आज्याच्या आधीपासून वाडीनं थकल्यांचा कळप राखला होता. दर साली प्रत्येक घरानं एक कोकरू त्या कळपात घालायचं. ही मेंढरं कोकणात जात नसत. पाळीपाळीनं एकेक घर त्यांच्यामागं राही. रात्री ती गावकऱ्यांच्या रानात वाघूर लावून, म्हणजे भोवती जाळं उभं करून, बसवायची, आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी बाजरी घालत. ती बाजरी आणि कळपाची लोकर, ज्यांचे पाय थकले त्यांची. मेंढ्या खायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. फक्त त्यांच्या लेंड्यांवर जगायचं, असं कोंडाबाई म्हातारी हसत सांगायची.

आता थकला कोण हे ठरवायचं कसं? कुणाचा जन्म कधीचा हे कुणालाच ठाऊक नाही, आणि धनगर गडी तिरडीवर पडला तरी मी तरणाच म्हणणार. म्हणून वाडीनं ते नदीवर सोपवलं होतं. कोकणात निघायच्या आदल्या सकाळी ज्याचे केस पांढरे झालेत अशा प्रत्येक गड्यानं उतारावरून कुकडीत उतरायचं, खांद्यावर पुरती वाढलेली मेंढी घेऊन. पलीकडं नेली तर तो चालणारा. मध्येच सुटली तर थकला, आणि त्याच्या सोबतीला घरचं एक माणूस मागं राहणार, दोघांना बाजरी मिळणार. मेंढी सुटली म्हणून बिघडत काहीच नाही. ती पोहत काठाला लागते, अंग झाडते आणि चरायला लागते. नवऱ्यामागं राहिलेल्या बायांना नदी नव्हती, त्यांना तसंच मिळे. नवरा असलेल्या बाईचं काय, हे मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं. नवरा चालतोय म्हणजे ती चालतीय.

गेल्या साली राघूनं दातओठ खाऊन मेंढी पलीकडं नेली होती. ह्या साली त्याला पाण्याची कळशी उचलवत नव्हती. बाळाबाई मनातून खूश होती. एकदाची मेंढी सुटंल, चारचौघांत मान खाली जाईल, दोन दिवस फुरंगटून बसंल आणि मग गप बाजरी खाईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

तो हिशेब खंडोबाच्या पारावर मोडला, आणि मोडला कुणी तर ह्याच शहाण्यानं.

दिवाळीच्या तोंडावर वाडी पारावर बसली. जुन्नरचा तय्यबभाई लोकर घ्यायला आला होता, तोही पान लावत बाजूला टेकला. भागू बोलायला उठला. हा राघूच्या धाकट्या भावाचा पोरगा, राघूनं कारभारपण सोडल्यावर तोच कारभारी झाला होता. पोरगा सरळ, पण बोलताना कपाळाला आठ्या घालायचा.

"मोठ्या दुष्काळानं निम्मी मेंढरं खाल्ली," भागू म्हणाला. "प्लेगानं तरणी माणसं नेली. कळपात घालणारी घरं कमी झाली अन् कळपावर खाणारी डोकी वाढली. मागच्या साली बाजरी पुरंना म्हणून कळपातल्या मेंढ्या इकाव्या लागल्या, जे कवाच झालं नव्हतं. असंच चाललं तर आमी थकू तवा तिथं नुसतं रिकामं वाघूर आसंल. मंग आमी काय जाळं चघळायचं?"

"मग आमी काय नदीत उडी घ्यावी?" कोंडाबाई म्हणाली.

"तसं कोण म्हणतंय, आजे."

"म्हणत न्हाईस, पर बघतोस तसाच."

तय्यबभाईनं पानाचा देठ खुडला. "तुम्ही तर गरीब माणसं," तो म्हणाला. "दुष्काळात सरकारनं जुन्नरला थकल्या माणसांसाठी चूल मांडली होती. दोन साल खिचडी वाटली. मग साहेब म्हणाला, किती दिवस पोसायचं ह्यांना, आणि चूल विझवली. ज्याच्या नावाचे रुपये चालतात त्यालाच परवडेना."

झालं. मग जो तो शहाणा झाला. एक म्हणाला, वाटा निम्मा करा. दुसरा म्हणाला, घरटी दोन कोकरं घाला. त्यावर सगळ्या घरधन्यांनी आकाशाकडं पाहिलं. तिसरा म्हणाला, मेंढ्या सगळ्या इकून टाका अन् जो तो आपापलं बघा. त्याच्या बायकोनंच त्याला खाली बसवला. बायांच्या बाजूला बसलेल्या बाळाबाईला हे सगळं पाठ होतं. गेली कित्येक वर्षं दिवाळी आली की हीच रड, हेच गुऱ्हाळ, आणि शेवटी चहू अंगांनी बोलून पुन्हा जिथल्या तिथं. ती पदराआड जांभई देत होती.

तेवढ्यात राघू उठला. हा उठला की घरावर काहीतरी येणार, हा तिचा अनुभव होता.

"भागू खरं बोलतोय," राघू म्हणाला आणि खोकला आवरायला थांबला. "कळप माझ्या आज्यानं राखला, माझ्या बापानं राखला. माझ्या डोळ्यांदेखत त्यो आटू देणार न्हाई. मेंढी लई जड. तिच्यामुळं चालती माणसंबी थकली म्हणून बसत्यात. मेंढी काढा. कोकरू द्या. ज्याला कोकरू पलीकडं नेता येतंय त्याला मेंढरामागं चालताबी येतंय."

पारावर एकदम बरं वाटलं. कुणाला जास्त द्यायला नको, कुणाचा वाटा तोडायला नको, आणि खाणारी डोकी आपोआप कमी. काय डोकं चालवलंय राघूनानानं, असं लोक बोलू लागले. राघूनं मिशीवरून हात फिरवला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर मिशी कुरवाळायची, ही कला त्याच्यापाशीच होती.

बाळाबाईला राहवेना. ती बसल्या जागेवरून बोलली. "भागू, इचारते ते सांग. मेंढी हातनं सुटती. कोकरू कवा सुटलंय का कुणा धनगराच्या हातनं? माणूस बुडंल, पर कोकरू वर धरंल. मंग ह्या नदीत थकलेला कोण ठरायचा?"

"कुणीच न्हाई," राघू म्हणाला. "म्हंजी वाडीत कुणी थकलंच न्हाई. बरंच झालं की."

सगळे हसले, तय्यबभाईसुद्धा हसला. पालथ्या घड्यावर पाणी. हसता हसता ठराव झाला आणि लोक उठून गेले.

घरी आल्यावर बाळाबाईनं भाकरी थापता थापता तोंड सोडलं. "अवं, तुमाला छाती न्हाई, पाय न्हाई, अन् अक्कल व्हती ती आज पारावर वाटून आलात. कळप राखायचा, कळप राखायचा. तुमाला कोण राखणार?"

"कळप आटला तर भागूच्या आईला उद्या खायला कोण घालंल?"

"अन् तुमाला आज कोण घालंल?"

"मला काय धाड भरलीय," राघू म्हणाला, आणि त्याला अशी उबळ आली की पाण्याचा तांब्या हातातून सांडला.

ती उबळ ओसरेपर्यंत थांबली. मग चुलीतला जाळ मागं ओढून हलक्या आवाजात म्हणाली, "मंग आसं करा. नदीत उतरा. मधी गेल्यावर हात सैल सोडा. भागू खाली उभा राहील, त्यो धरंल कोकरू."

राघूनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं देवळातली समई चोरायला सांगितली होती. "टाकू? कोकरू?" तो म्हणाला, आणि भाकरी न खाता घोंगडी ओढून पडला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तिनंही मग भाकरी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती भागूकडं गेली. म्हणाली, तुझ्या चुलत्याला नदीत घालू नको, तसाच ठेव मागं. भागू उठला. तिला वाघुरापाशी घेऊन गेला आणि जाळं वर केलं. आत थकल्यांचा कळप उभा होता, फासळ्या दिसणाऱ्या मेंढ्या, म्हाताऱ्या बऱ्याचशा, कोकरं थोडकी.

"बघ काकी. तूच सांग ह्याच्यावर किती डोकी बसवू. नानासाठी नेम मोडला तर उद्या सगळी माझ्या दारात. अन् नेम नानानंच केलाय."

बाळाबाईनं पाहिलं. जन्मभर मेंढरांत काढलेल्या बाईला कळपाकडं बघून कळतंच की हा किती चालणार. पोरगा खरं बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याशी भांडून मोकळं होता येतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

वाघुरातून एक कोकरू पुढं आलं आणि तिचं लुगडं चोखायला लागलं. श्रावणात ह्याची आई मेली होती, आणि बाळाबाईनं त्याला बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका. तिनं त्याला ढकललं, ते परत आलं.

निघायच्या आदल्या सकाळी वाडी उतारावर जमली. कुकडीला अजून कमरेइतकं पाणी होतं आणि ओढ होती. पांढऱ्या केसांचे गडी एकेक करून कोकरू घेऊन उतरले आणि पलीकडं गेले. काही मध्ये लटपटले, एक तर गुडघ्यावर गेला, पण कोकरू कुणाचंच सुटलं नाही. भागू खालच्या अंगाला पाण्यात उभा होता, न जाणो एखादं सुटलंच तर म्हणून. त्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. बाळाबाई ओठ आवळून पाहत होती. सांगितलं होतं तिनं. पण बाईचं ऐकायचं म्हणजे ह्यांच्या पागोट्याचा पीळ सुटतो.

राघूची पाळी आली. भागूच्या माणसानं हाताला लागेल ते कोकरू दिलं, ते नेमकं पांढऱ्या ठिपक्याचं. राघूनं ते खांद्यावर घेतलं आणि पाण्यात पाय टाकला. मध्यापर्यंत तो बरा गेला. मग थांबला. पाठमोरा होता तरी बाळाबाईला त्याच्या फासळ्यांवरून कळलं की श्वास लागलाय. तो एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. मग पायाखालचा दगड फिरला आणि माणूस खाली गेला. पाण्यावर राहिले ते दोन हात, सरळ वर, आणि हातांवर कोकरू. डोकं दिसत नव्हतं. हात तेवढे हळूहळू पलीकडं सरकत होते.

भागू पाणी तोडत वर निघाला, पण तो पोचायच्या आधीच राघूचं डोकं वर आलं, पलीकडच्या उथळाला. तो कोपरांवर सरपटत वाळूत गेला आणि कोकरू खाली ठेवलं. कोकरू कोरडं होतं, एक केससुद्धा भिजला नव्हता. राघू मात्र पालथा पडून पाणी ओकत होता.

सगळे पाण्यातूनच पलीकडं धावले. लोकरीसाठी अजून वाडीतच थांबलेल्या तय्यबभाईनं आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्यावर टाकली. "राघूभाऊ, अरे सोडून द्यायचं ना," तो म्हणाला. "कुणी काय म्हटलं असतं?"

राघूनं कोकराकडं हात केला. "कोरडं हाय," तो म्हणाला. "बघा हात लावून. मी चालणार."

आणि पारावर हसलेले तेच लोक आता एकमेकांच्या पायांकडं बघत उभे राहिले. नेम म्हणजे नेम. बाळाबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं पुसलं, आणि तिचं डोकं फिरलं, आजवर कधी फिरलं नव्हतं तसं. ह्या भल्या माणसांच्या भलेपणानं हा माणूस मरणार होता. तो भला, भागू भला, नेम भला, आणि उद्या घाटात ह्याला चार दगडांखाली ठेवून तिनं एकटीनं पुढं मेंढरं हाकायची.

ती उठली. कोकरू तिच्याजवळ येऊन उभंच होतं. तिनं ते उचललं.

"भागू, बाईनं उतरू नये आसं कवा ठरलंय का?"

"काकी, हे काय काढलंस?"

"ठरलंय का न्हाई तेवढं सांग."

ठरलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं तर ठरणार कसं. बाळाबाईनं कासोटा वर खोचला आणि ज्या पाण्यातून नवरा आला त्याच पाण्यात उलट उतरली. तिचे पाय घट्ट होते. वाडीतल्या निम्म्या गड्यांपेक्षा घट्ट होते, आणि हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मध्यावर जाऊन ती थांबली. काठाकडं तोंड केलं, म्हणजे कुणी पाहिलं नाही असं नको. कोकरानं तिच्या मानेत तोंड खुपसलं होतं.

तिनं हात उघडले.

काठावर कोणीतरी बाई ओरडली. कोकरू पाण्यात गेलं, वर आलं, पुन्हा गेलं, आणि ओढीला लागून खाली निघालं. भागूनं झेप घेतली. एकदा त्याच्या हातातून निसटलं, मग मागचा पाय सापडला. बाळाबाई तिथंच कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बघत होती. तिचे हात अजून तसेच उघडे होते. भागूनं कोकराला उलटं धरून पाणी काढलं आणि ते बें करून ओरडलं, तेव्हा ती वळून काठावर आली.

"मी थकले," ती म्हणाली. "थकल्याच्या सोबतीला घरचं एक माणूस मागं राहतंय. माझ्या घरी ह्येच हाईत. लिहा न्हायतर लक्षात ठेवा."

धनगराच्या बाईनं पोसलेलं कोकरू चारचौघांदेखत पाण्यात टाकलं, हे नातवंडांपर्यंत सांगितलं जाणार होतं, आणि तिला ते माहीत होतं. शेवटी भागूनं मान हलवली. "काकी थकली," तो म्हणाला. "नाना सोबतीला." मग खाली बघून म्हणाला, "पुढल्या साली परत मेंढी. पर कळप पुरायचा कसा, ते मला कळत न्हाई."

"मलाबी न्हाई कळत," बाळाबाई म्हणाली, आणि हे ती खरं बोलली.

"आता माझ्या सुपातली बाजरी कमी व्हनार," कोंडाबाई म्हणाली.

"व्हईल."

"व्हऊं दे," कोंडाबाई म्हणाली. "दात कुठं हाईत मला."

तय्यबभाईनं आणि भागूनं राघूला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं आणि पाण्यातून वाडीच्या काठाला आणलं. तो बायकोकडं बघत नव्हता. चढाच्या मध्यावर श्वास घ्यायला थांबला तेव्हा एवढंच म्हणाला, "कोकरू टाकलंस."

"टाकलं. दोनच हात हाईत मला, त्यांत एकच मावतंय. तुमी माना न्हायतर मानू नका."

त्यानं मानलं नाही. तोंड फिरवून तो पुढं चालू लागला. तीही ओलं लुगडं पिळत मागून निघाली. तेवढ्यात पायाला काहीतरी ओलं लागलं. पांढऱ्या ठिपक्याचं कोकरू भागूच्या माणसाच्या हातून सुटून धडपडत तिच्यामागं आलं होतं आणि सवयीनं तिच्या बोटांत तोंड घालत होतं, दूध मिळंल म्हणून. तिनं ते ढकललं. ते परत आलं. तिनं पुन्हा ढकललं.

"जा की आता," ती वैतागून म्हणाली. "अरे, मीच टाकलं तुला. कसं कळत न्हाई तुला?" आणि तिथंच वाटेत खाली बसून, सगळी वाडी बघत असताना, ती रडायला लागली.